घरातली डीसी वीज: फायदा शून्य, ६ की २० टक्के?

छतावरच्या सौर पॅनेलमधून १०० युनिट वीज निघाली, दिवसा बॅटरीत साठली आणि रात्री इन्व्हर्टरमार्गे दिवे, पंखे, टीव्हीपर्यंत पोहोचली, तर त्यातली साधारण ६७ युनिट कामाला येतात. हीच वीज वाटेत कुठेही एसी न करता डीसी रूपातच खेळवली, तर ८० युनिट कामाला येतात. पॅनेल तेच, बॅटरी तीच, उपकरणांचे काम तेच. तरी हाती येणारी वीज २० टक्क्यांनी जास्त.

आता यातून बॅटरी काढा. पॅनेलची वीज दिवसा निघाली आणि दिवसाच वापरली, तर एसी मार्गाने १०० पैकी ८५ युनिट मिळतात आणि डीसी मार्गाने ९०. फायदा ६ टक्के. पॅनेलही काढा आणि वीज महावितरणच्या तारेतून घ्या: एसी मार्गाने ८८.०, डीसी मार्गाने ८८.४. फायदा जवळपास शून्य.

एकाच बदलाचे हे तीन निकाल आहेत. इमारतीत डीसी वीजवाटप करावे का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, ते यामुळेच. वीज कुठून येते, कुठे साठते आणि कशासाठी वापरली जाते, यावर फायदा ठरतो.

आकडे कुठून आले

पाठ्यपुस्तकात आपण दिष्ट धारा आणि प्रत्यावर्ती धारा असे दोन प्रकार शिकलो. बॅटरी आणि सौर पॅनेल दिष्ट धारा, म्हणजे डीसी देतात. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्रत्यावर्ती धारा, म्हणजे एसी असते. तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी बदलत राहते. एकीचे दुसरीत रूपांतर करताना दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन जाते.

वरच्या हिशेबात ही गळती अशी धरली आहे. पॅनेलची वीज बॅटरीत घालणाऱ्या यंत्राची कार्यक्षमता ९६ टक्के, बॅटरीची ९०, घरगुती इन्व्हर्टरची ८८ आणि उपकरणातल्या किंवा अडॅप्टरमधल्या एसी-डीसी रूपांतराची ८८. हे चार आकडे एकमेकांनी गुणले की ६७ येतात. डीसी मार्गात इन्व्हर्टर नाही आणि अडॅप्टरही नाही. त्यांच्या जागी तारेतली २ टक्के घट आणि उपकरणातल्या डीसी-डीसी रूपांतराची ५ टक्के घट येते. गुणाकार ८० वर थांबतो.

बॅटरी नसेल तेव्हा पॅनेलजवळच्या यंत्राची कार्यक्षमता दोन्हीकडे ९७ टक्के धरली आहे. फरक उरतो तो अडॅप्टरचा. महावितरणची वीज घेताना डीसी घरालाही दारात एक मोठे रूपांतर करावे लागते. त्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली, तर अडॅप्टरमधून वाचलेली वीज तिथे खर्च होते आणि हिशेब बरोबरीत सुटतो. दारातले हे यंत्र ९८ टक्के कार्यक्षमतेचे मिळाले, तर फायदा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. ९२ टक्क्यांचे मिळाले, तर तोटा होतो.

अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी हाच प्रश्न १४ शहरांतल्या सौर पॅनेल असलेल्या घरांसाठी तासागणिक हिशेब मांडून तपासला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: घरात साठवण नसेल तर थेट डीसीमुळे एकूण वापराच्या ५ टक्के वीज वाचते, साठवण असेल तर १४ टक्के. बॅटरी आली की बचत जवळपास तिप्पट होते, कारण बॅटरीभोवतीची रूपांतरे सर्वांत महाग पडतात.

मोठा आकडा वेगळाच आहे

त्याच प्रयोगशाळेच्या दुसऱ्या एका अभ्यासात तिसरा आकडा आहे, ३३ टक्के. ३२ प्रकारचे घरगुती वापर तपासून संशोधकांनी दाखवले की जुनी उपकरणे काढून आतून डीसीवर चालणारी सर्वांत कार्यक्षम उपकरणे बसवली, तर वापर सरासरी ३३ टक्क्यांनी घटतो. ही बचत तारेची नाही, उपकरणाची आहे. ती एसी सॉकेटवरही मिळते.

पंख्याच्या उदाहरणात हे प्रमाण मोजता येते. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा देताना सुमारे २८ वॅट घेतो. त्याची मोटर डीसीवर चालते. पंख्याच्या वरच्या कपात बसवलेले सर्किट २३० व्होल्ट एसीचे डीसी करून तिला देते. हे रूपांतर काढून पंखा थेट ४८ व्होल्ट डीसीवर जोडला, तर वापर २५ वॅटच्या आसपास येतो.

म्हणजे ७५ वरून २५ पर्यंत एकूण बचत ५० वॅट. त्यातली ४७ वॅट मोटर बदलल्याने, ३ वॅट तार बदलल्याने. प्रमाण ९४ टक्के आणि ६ टक्के. पंखा वर्षाला ३,६०० तास फिरतो आणि युनिटला १० रुपये पडतात असे धरले, तर मोटर बदलल्याने १६९ युनिट, म्हणजे १,६९० रुपये वाचतात. तार बदलल्याने ११ युनिट, म्हणजे ११० रुपये.

देशपातळीवरही हेच प्रमाण दिसते. छतावरच्या सौरऊर्जेची क्षमता मार्च २०२४ अखेर ११.८७ गिगावॅट होती; मार्च २०२५ अखेर ती १७.०२ गिगावॅट झाली. २०२४-२५ मधली भर ५.१५ गिगावॅटची, आधीच्या वर्षीच्या २.९९ गिगावॅटपेक्षा ७२ टक्क्यांनी जास्त. १ किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरले, तर ही छते वर्षाला सुमारे २,४८५ कोटी युनिट देतात. यातली पाव वीज त्याच इमारतीत, दिवसाच, डीसी उपकरणांनी थेट घेतली असे समजू. १०० युनिटमागे ५ युनिट वाचले, तर बचत वर्षाला सुमारे ३१ कोटी युनिटची होते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या २ लाख ६० हजार घरांना एवढी वीज वर्षभर पुरते. तेवढीच बचत १८ लाख साधे पंखे बदलूनही होते, आणि त्यासाठी एकही भिंत फोडावी लागत नाही.

घरातली अर्धी उपकरणे आधीच डीसी आहेत

फोनच्या चार्जरवरचा बारीक मजकूर वाचा. इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते आणि त्याला लागून लाटेसारखी एक खूण असते. आउटपुटपुढे ५ किंवा ९ व्होल्ट आणि एक सरळ रेघ, तिच्याखाली तुटक रेघ. लाट म्हणजे एसी, सरळ रेघ म्हणजे डीसी. लॅपटॉपच्या, वायफाय राउटरच्या, सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरवर याच दोन खुणा सापडतील.

एलईडी दिव्यावर आउटपुटची खूण नसते, कारण रूपांतर दिव्याच्या बुडात दडलेले असते. उजाला योजनेखाली २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले; प्रत्येकाच्या बुडात एक एसी-डीसी ड्रायव्हर आहे. बल्ब बंद पडतो तेव्हा बहुतेकदा एलईडी शाबूत असतो, ड्रायव्हर जळालेला असतो. ३६ कोटी ठिकाणी ३६ कोटी लहान रूपांतरे करण्यापेक्षा इमारतीत एकदाच मोठे रूपांतर करणे, हा डीसी वाटपामागचा युक्तिवाद आहे. मोठे यंत्र लहान यंत्रापेक्षा कार्यक्षम बांधता येते आणि त्याची दुरुस्तीही करता येते.

इन्व्हर्टर प्रकारच्या वातानुकूलन यंत्रातही हेच घडते. ते २३० व्होल्ट एसी घेते, आत तिचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी करते आणि त्यावरून कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करते. इन्व्हर्टर फ्रिजचे आणि इन्व्हर्टर वॉशिंग मशिनचे तेच. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरीही डीसीच घेते. आतून एसीच हवी असलेली उपकरणे घरात दर वर्षी कमी होत आहेत. राहिले आहेत ते जुने पंखे, जुने पंप. गिझर आणि इस्त्रीची तापणारी तार दोन्हीवर सारखीच तापते.

वीज गेल्यावर किती तास

डीसीचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो तो भारनियमनात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १.८ युनिट साठवण. तिची ८० टक्के क्षमता वापरायची धरली, तर हाती १.४४ युनिट. घरात ४ पंखे आणि ४ ट्यूब चालू आहेत.

साधे ७५ वॅटचे पंखे आणि २० वॅटच्या एलईडी ट्यूब असतील, तर भार ३८० वॅट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता इथे थोडी कमी, ८५ टक्के धरली, तर बॅटरी ३ तास १३ मिनिटे चालते. पंखे बीएलडीसी केले की भार १९२ वॅटवर येतो आणि वेळ ६ तास २२ मिनिटांवर जाते. आता तेवढीच साठवण ४८ व्होल्टच्या बॅटरीत ठेवली आणि २५ वॅटचे पंखे, १८ वॅटच्या ट्यूब थेट डीसीवर जोडल्या, तर भार १७२ वॅट आणि तारेतली २ टक्के घट धरून वेळ ८ तास १२ मिनिटे.

पहिल्या पायरीने ३ तास ९ मिनिटे वाढतात, दुसऱ्या पायरीने १ तास ५० मिनिटे. पंख्याच्या बिलात तारेचा वाटा ६ टक्के होता. बॅटरीवरच्या वेळेत तो ३७ टक्के झाला. याचे मुख्य कारण: इन्व्हर्टर मधून निघाला.

आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने याच तत्त्वावर ‘इन्व्हर्टरलेस’ यंत्रणा उभी केली. घरगुती संचात १२५ वॅटचे पॅनेल, १ युनिटची बॅटरी आणि ४८ व्होल्ट डीसीची वायरिंग. त्यावर पंखा, दिवे आणि फोनचे चार्जिंग. राजस्थानच्या वाळवंटी भागातील सुमारे ४,००० घरांमध्ये ही यंत्रणा बसवली गेली. तारा पोहोचणे अवघड असलेल्या ठिकाणी १२५ वॅटमध्ये घर चालवायचे, तर गळतीला जागा नसते. १०० मधले ३३ युनिट वाटेत गमावणारी रचना तिथे परवडत नाही.

सुरक्षितता: ५० आणि १२०

सुरक्षिततेच्या बाजूने पाहायचे दोन आकडे आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या नियमांत सामान्य कोरड्या परिस्थितीत एसीसाठी ५० व्होल्टपर्यंत आणि डीसीसाठी १२० व्होल्टपर्यंतचा दाब अतिनिम्न गटात मोडतो. म्हणजे एवढ्याच धोक्यासाठी डीसीला २.४ पट दाबाची मुभा आहे.

कारण शरीरात आहे. झटका लांबला तर हृदयाचे ठोके बिघडवण्याची शक्यता एसीमध्ये सुमारे ४० मिलिअँपिअरपासून सुरू होते. डीसीमध्ये सुमारे १५० मिलिअँपिअरपासून. गुणोत्तर ३.७५. एसी स्नायूंना आकसून धरते, त्यामुळे पकडलेली तार हातातून सुटत नाही. डीसीमध्ये हा परिणाम त्या मानाने कमी असतो.

आता दाब मिळवून पाहू. शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे ४० च्या मर्यादेच्या जवळपास सहापट. ४८ व्होल्टला ४८ मिलिअँपिअर, म्हणजे १५० च्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. प्रत्यक्षात कमी दाबाला कोरड्या त्वचेचा रोध आणखी जास्त असतो आणि प्रवाह त्याहून घटतो. ओल्या अंगाला हा दिलासा लागू होत नाही. न्हाणीघरासाठीचे नियम ४८ व्होल्टलाही पाळावे लागतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ ते २०२१ या चारही वर्षांत विजेच्या धक्क्याने देशात दर वर्षी १२ हजारांहून अधिक माणसे दगावली. दिवसाला सरासरी किमान ३३. यात शेतातल्या तुटलेल्या तारा, रस्त्यावरचे खांब, कारखाने सर्व आले. डीसी वायरिंगने त्यातले घराबाहेरचे मृत्यू टळणार नाहीत. पण ज्या खोलीत मूल सॉकेटपर्यंत पोहोचते, त्या खोलीत २३० ऐवजी ४८ व्होल्ट असणे हा जीवनमरणाचा फरक आहे. त्यासाठी बिलातल्या बचतीचे समर्थन लागू नये.

जिथे डीसी जास्त धोक्याची

उलट बाजूही आकड्यांतच आहे. ५० हर्ट्झची एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. स्विच बंद करताना संपर्कांमध्ये उडणारी ठिणगी त्या शून्यावर विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. त्यामुळे ठिणगी टिकते, ताणली जाते आणि संपर्क वितळवते. २४० व्होल्ट एसीसाठी बनवलेला स्विच किंवा एमसीबी तेवढ्याच डीसीवर वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

हा धोका ४८ व्होल्टला कमी आणि दाब वाढेल तसा जास्त. छतावरच्या सौर पॅनेलच्या माळेत कित्येक ठिकाणी ६०० ते १,००० व्होल्ट डीसी असते. म्हणून तिथे डीसीसाठीच प्रमाणित केलेला आयसोलेटर आणि एमसीबी लागतो. सोसायटीच्या छतावर पॅनेल बसले असतील, तर डीसी पेटीतल्या प्रत्येक स्विचवर ती सरळ रेघ आणि तिच्याखालची तुटक रेघ छापलेली आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

दाब वाढवूनही धोका आवरता येतो का, यावर अमेरिकेत एक उत्तर निघाले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत संहितेत कलम ७२६ नव्याने आले. त्यात ४५० व्होल्टपर्यंतच्या ‘क्लास ४’ वीजवाटपाला मान्यता आहे. यातले पाठवणारे यंत्र तारेवर सतत पाळत ठेवते. माणसाचा हात लागला, तार तुटली किंवा शॉर्ट झाली, तर काही मिलिसेकंदांत पुरवठा तोडते. इथे तार कमी दाबाची नाही, पण दोषाच्या वेळी तिच्यातून बाहेर पडू शकणारी ऊर्जा मर्यादित आहे.

४८ व्होल्ट कुठे थांबते

दाब कमी केला की प्रवाह वाढतो, आणि तारेतली घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते. २३० वरून ४८ व्होल्टवर आलो, तर तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह ४.८ पट आणि त्याच तारेत घट २३ पट.

घरात नेहमी वापरली जाणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. वितरण पेटीपासून उपकरण १५ मीटरवर असेल, तर जाऊनयेऊन ३० मीटर तारेचा रोध साधारण ०.३६ ओहम. ३० वॅटच्या पंख्याला ४८ व्होल्टवर तारेतली घट ०.१४ वॅट, म्हणजे अर्धा टक्का. १०० वॅटच्या टीव्हीला १.६ वॅट. ५०० वॅटच्या भाराला ३९ वॅट, म्हणजे जवळपास ८ टक्के. अडॅप्टर काढून वाचवलेली वीज इथे तारेतच संपते. २,००० वॅटच्या गिझरला ४८ व्होल्टवर ४२ अँपिअर लागतील. दीड चौरस मिलिमीटरची तार तो प्रवाह वाहू शकत नाही. तोच गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो आणि घट २७ वॅट, म्हणजे १.४ टक्का.

म्हणून ४८ व्होल्टचे क्षेत्र दिवे, पंखे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे एवढेच आहे. भारतीय मानक ब्युरोने २०१७ मध्ये ४८ व्होल्ट डीसी वाटपासाठी आयएस १६७११ हे मानक काढले. त्याची उपयुक्तता याच क्षेत्रात आहे. गिझर, इस्त्री, वातानुकूलन यंत्र ४८ व्होल्टवर नेण्यात अर्थ नाही. ते एसीवर राहावेत किंवा मोठ्या इमारतीत ३५० ते ४०० व्होल्ट डीसीवर जावेत.

कार्यालयांत नेटवर्क केबलमधून वीज देण्याची पद्धत वाढली आहे. तिच्या पहिल्या मानकात, २००३ मध्ये, एका केबलमधून १५.४ वॅट देता येत होते. २०१८ च्या मानकात ९० वॅट, म्हणजे जवळपास सहापट. इथेही एक खाच आहे. ९० वॅट पाठवले, तरी दुसऱ्या टोकाला ७१.३ वॅटचीच हमी आहे. १०० मीटरच्या केबलमध्ये १८.७ वॅट, म्हणजे २१ टक्क्यांपर्यंत वीज जाऊ शकते. ही पद्धत सुरक्षित आणि सोयीची आहे. पण केबल लांब असेल आणि भार मोठा असेल, तर तिला काटकसरी म्हणता येणार नाही.

अंतर बदलले की उत्तर बदलते

न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट केंद्र १८८२ मध्ये डीसीवर सुरू झाले. त्या शहरातला डीसी पुरवठा २००७ मध्ये कायमचा बंद झाला. १२५ वर्षे टिकलेली ही व्यवस्था अंतरापुढे हरली: ११० व्होल्टची वीज फार दूर जाऊ शकत नव्हती आणि डीसीचा दाब वाढवणारे साधन तेव्हा नव्हते. ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो.

मुंबईची लोकल याच वाटेने गेली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर होती. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेने २०१६ मध्ये उपनगरी मार्गांवरचे रूपांतर पूर्ण करून २५,००० व्होल्ट एसी घेतली. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जवळपास १७ पटींनी कमी झाला. त्याच महाराष्ट्रात चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅटची वाहिनी १९९९ पासून ५०० किलोव्होल्ट डीसीवर चालते. शेकडो किलोमीटरवर डीसी पुन्हा स्वस्त पडते. दोन टोकांची रूपांतर केंद्रे महाग असली, तरी वाटेतली घट आणि तारांचा खर्च त्याहून जास्त वाचतो.

म्हणजे शेकडो किलोमीटरला डीसी, शहरभर एसी आणि खोलीत पुन्हा डीसी. १८८२ मधली डीसीची अडचण आज उरलेली नाही. दाब वाढवणारी आणि उतरवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आता हातात मावतात. यूएसबी-सी केबलच्या २०२१ च्या मानकात ४८ व्होल्टवर २४० वॅटपर्यंत वीज देण्याची सोय आहे. लॅपटॉप, मॉनिटर आणि लहान टीव्ही त्यात बसतात.

मोठ्या इमारतींचा हिशेब

डीसीने सर्वांत आधी पाय रोवले ते डेटा सेंटरमध्ये, कारण तिथे तिन्ही अटी एकत्र येतात: सगळा भार डीसी, बॅटरी कायम जोडलेली आणि वापर २४ तास. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २००६ मध्ये कॅलिफोर्नियात ३८० व्होल्ट डीसीची चाचणी घेतली. तेव्हाच्या सर्वांत कार्यक्षम एसी रचनेपेक्षा ७ टक्के आणि सरासरी एसी रचनेपेक्षा २८ टक्के वीज वाचली. या दोन आकड्यांमधली २१ टक्क्यांची दरी महत्त्वाची आहे. डीसीच्या नावावर मोजल्या जाणाऱ्या बचतीतला मोठा हिस्सा जुनी यंत्रे काढल्याचा असतो. पंख्याच्या हिशेबातही तेच दिसले.

एबीबीने २०१२ मध्ये झुरिकजवळच्या एका डेटा सेंटरमध्ये १ मेगावॅटची ३८० व्होल्ट डीसी यंत्रणा उभी केली. कंपनीच्या म्हणण्यानुसार वीज १० टक्के, भांडवली खर्च १५ टक्के आणि जागा २५ टक्के वाचली. एन्व्हिडियाने २०२५ मध्ये २०२७ पासूनच्या सर्व्हर रॅकसाठी ८०० व्होल्ट डीसी जाहीर केले. त्याचे कारण तांबे आहे. १ मेगावॅटच्या एका रॅकला ५४ व्होल्टने वीज द्यायची, तर २०० किलोपर्यंत तांब्याच्या पट्ट्या लागतात.

चीनने हा विषय इमारतींच्या धोरणात आणला. ऑक्टोबर २०२१ च्या कार्बन कृती आराखड्यात सौरऊर्जा, साठवण, डीसी वाटप आणि लवचिक वापर या चार गोष्टी एकत्र असलेल्या इमारतींचा उल्लेख आहे. सार्वजनिक संस्थांच्या नव्या इमारती आणि नवे कारखाने यांच्या छतांवर २०२५ पर्यंत ५० टक्के सौर आच्छादन आणण्याचे लक्ष्यही त्यातच होते. यातला चौथा शब्द, लवचिकता, डीसीमुळे सोपा होतो. ऊन कमी झाले की डीसी वाहिनीचा दाब ठरलेल्या मर्यादेत थोडा उतरतो, तो पाहून गाडीचे चार्जिंग किंवा वातानुकूलन आपोआप मंदावते. वेगळी संदेशयंत्रणा लागत नाही.

आपल्याकडे पंतप्रधान सूर्यघर योजनेची तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आणि लक्ष्य १ कोटी घरांचे आहे. ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. हे अनुदान पॅनेलला मिळते; घरातल्या वायरिंगची निवड ज्याची त्याची. १ कोटी छतांवर डीसी तयार होईल, तिथेच तिची एसी होईल आणि खाली खोलीत अडॅप्टर तिची पुन्हा डीसी करतील. ४८ व्होल्टचा पंखा आणि दिवा कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळत नाही, तोवर घरमालकाला दोष देता येणार नाही. मानक २०१७ पासून आहे, बाजार नाही. सरकारी शाळा, आरोग्य केंद्रे, वसतिगृहे यांच्या नव्या इमारतींत दिवे-पंख्यांची वाहिनी ४८ व्होल्टची करायची ठरवली, तर मागणी एका निविदेत उभी राहील. एलईडी बल्बची किंमत उजाला योजनेत अशाच घाऊक खरेदीने उतरली: जानेवारी २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला.

कोणी काय करावे

सौर पॅनेल नाही, बॅटरी नाही, वीज क्वचित जाते: अशा घराने वायरिंगला हात लावू नये. फायदा शून्य आहे. जुने पंखे बदलावेत; पंख्यामागे वर्षाला १,६९० रुपये तिथे आहेत.

पॅनेल आहे, बॅटरी नाही: फायदा ६ टक्क्यांपर्यंतच. सध्याच्या भिंती फोडण्याचा खर्च त्यातून निघणार नाही. नवे घर बांधत असाल, तर दिव्या-पंख्यांसाठी स्वतंत्र पाइप टाकून ठेवा. आज त्यातून एसी नेली, तरी उद्या ४८ व्होल्टची तार ओढता येईल.

पॅनेलही आहे आणि बॅटरीही, किंवा रोज तासन्‌तास भारनियमन आहे: इथे फायदा २० टक्के आहे आणि बॅटरी साधारण दोन तास जास्त चालते. दिवे, पंखे, राउटर, चार्जर ४८ व्होल्टवर न्यावेत. गिझर, इस्त्री, पंप एसीवर ठेवावेत. स्विच आणि एमसीबी डीसीसाठी प्रमाणित केलेलेच घ्यावेत.

शाळा, दवाखाने, वसतिगृहे, बँकांच्या शाखा आणि कार्यालये यांच्याकडे दिवसा ऊन असतानाच वापर असतो आणि बहुतेकांकडे बॅटरीही असते. डीसीचे गणित सर्वांत आधी त्यांनाच जुळते. नव्या इमारतीचा विजेचा नकाशा हातात येईल, तेव्हा वास्तुविशारदाला आणि विद्युत सल्लागाराला एवढेच विचारा: छतावर तयार होणारी वीज दिव्यापर्यंत पोहोचेपर्यंत किती वेळा बदलते? उत्तर दोनपेक्षा जास्त असेल, तर नकाशा परत पाठवा.